अवघडलेली मान आणि दोन मिनिटांचा रबरी पट्टा

खुर्चीत नेहमीसारखे बसा. एका हाताची बोटं मानेच्या मागच्या बाजूला, कवटी संपते तिच्या जरा खाली, अलगद टेकवा. आता समोरचं बारीक अक्षर वाचायला जावं तशी हनुवटी पुढे काढा. बोटांखालचे स्नायू दोरीसारखे ताठ होतील. मग हनुवटी हळूच मागे घ्या, कान खांद्यांच्या रेषेत येतील इतकी. तेच स्नायू सैल पडतात. दिवसभर बसून काम करणाऱ्याच्या मानेला काय सोसावं लागतं, ते एवढ्यात हाताला कळतं.

माणसाचं डोकं साधारण साडेचार ते पाच किलोचं असतं आणि ते सात मणक्यांवर तोललेलं असतं. (जिराफाच्या लांबलचक मानेतही मणके सातच.) वरच्या दोन मणक्यांमध्ये चकती, म्हणजे मणक्यांच्या मधली मऊ गादी, नसते. आपण डावी-उजवीकडे मान वळवतो त्यातली जवळपास निम्मी हालचाल तिथेच होते. डोक्याचं वजन आधाराच्या किंचित पुढे पडतं, म्हणून मागचे स्नायू जागेपणी सतत थोडे ओढलेले असतात. डोकं जितकं पुढे जाईल तितकी ही ओढ वाढते.

2014 मध्ये एका अमेरिकी शल्यचिकित्सकाने याचा हिशेब मांडला. मान 60 अंशांत वाकवली तर मणक्यांवर सुमारे 27 किलोचा भार येतो, असं त्यात निघालं. फोनमध्ये डोकं घातलेल्या माणसाचं ते चित्र जगभर फिरलं. पण तो आकडा संगणकावरच्या प्रतिकृतीतून आलेला होता, जिवंत माणसांच्या मानेत मोजलेला नव्हता. शिवाय भार वाढला म्हणजे दुखणं येणारच, हेही त्यातून सिद्ध होत नाही. 2018 मध्ये ब्राझीलच्या संशोधकांनी 18 ते 21 वर्षांच्या 150 तरुणांची फोन बघतानाची मानेची ढब तपासली आणि कोणाची मान दुखते ते विचारलं. दोन्हींचा संबंध त्यांना आढळला नाही.

मला हे फार महत्त्वाचं वाटतं. ‘ताठ बस’ हे लहानपणापासून ऐकलेलं असल्यामुळे मान दुखू लागली की माणूस आधी स्वतःच्या बसण्याला दोष देतो आणि मग काठी गिळल्यासारखा ताठ बसू लागतो. त्यानेही मान अवघडते. कारण खरी अडचण कुठल्या एका ढबीत नसून, तीच ढब तासन्‌तास न सोडण्यात आहे.

स्नायू आकुंचन पावतो तेव्हा त्याच्या आतल्या बारीक रक्तवाहिन्या दाबल्या जातात. चालताना, कपडे वाळत घालताना स्नायू आवळतो आणि सुटतो. प्रत्येक सुटण्यात रक्त आत येतं. स्क्रीनसमोर बसल्यावर मात्र मानेचे आणि खांद्यांचे स्नायू अगदी हलक्या जोराने, पण न सुटता, आवळलेले राहतात. स्वीडनच्या गोरान हेग यांनी यावर एक उपपत्ती मांडली. हलक्या कामाला स्नायूतले सगळ्यात छोटे तंतू आधी जुंपले जातात आणि काम संपेपर्यंत त्यांना सुट्टीच मिळत नाही. सगळ्यांच्या आधी उठून सगळ्यांच्या शेवटी झोपणाऱ्या परीकथेतल्या मुलीवरून या तंतूंना ‘सिंड्रेला तंतू’ असं नाव पडलं. उपपत्ती पूर्ण सिद्ध झालेली नाही, पण हलक्या कामानेही मान का भरून येते याचं ती पटण्याजोगं उत्तर देते. मनावर ताण असला की काही उचललेलं नसतानाही खांद्यांवरचा ट्रॅपेझियस हा मोठा स्नायू आवळलेला राहतो, हेही मोजून पाहिलेलं आहे. कामाची घाई असली की खांदे कानांकडे चढतात ते यामुळेच.

मग करायचं काय? मान दुखते म्हणून तिला जपायचं, असं बहुतेकांना वाटतं. संशोधन सांगतं ते याच्या उलट आहे. 2003 मध्ये फिनलंडमधल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मानदुखी जुनी झालेल्या, कार्यालयात काम करणाऱ्या 180 महिलांचे तीन गट केले होते. एका गटाने मानेची ताकद वाढवणारे व्यायाम केले, दुसऱ्याने दमश्वास वाढवणारे हलके पण जास्त आवर्तनांचे, आणि तिसऱ्याला फक्त ताण देण्याचे आणि चालण्या-पोहण्यासारखे व्यायाम करायला सांगितलं. वर्षभराने ताकदीच्या गटातल्या 73 टक्के महिलांना बराच किंवा पूर्ण आराम पडला होता. दुसऱ्या गटात हा आकडा 59 टक्के होता, तिसऱ्यात 21. मान इकडे-तिकडे ताणून त्या वेळेपुरतं बरं वाटतं, ते खोटं नाही. पण जुन्या दुखण्याला तेवढं पुरत नाही.

वर्षभराचा व्यायाम कोणाच्याने होणार, असं वाटत असेल तर डेन्मार्कमधला 2011 चा अभ्यास पाहा. मान आणि खांदे वारंवार दुखणाऱ्या 198 जणांपैकी काहींनी रोज 12 मिनिटं, काहींनी रोज फक्त 2 मिनिटं रबरी नळी ओढण्याचा व्यायाम केला. आठवड्याचे पाच दिवस, एकूण 10 आठवडे. व्यायाम न करणाऱ्यांच्या तुलनेत दोन्ही गटांचं दुखणं कमी झालं. दोन मिनिटांचा फायदा बारा मिनिटांच्या जवळपास होता.

तो व्यायाम असा. रबरी पट्ट्याचा मध्य पायाखाली धरा आणि दोन टोकं दोन हातांत घ्या. कोपरं किंचित वाकलेली असू द्या. दोन्ही हात बाजूंना, पण थोडे पुढच्या दिशेला, खांद्यांच्या उंचीपर्यंत सावकाश उचला आणि तितकेच सावकाश खाली आणा. खांदे कानांकडे चढू देऊ नका. हात थकेपर्यंत एकच फेरी. सहज जमू लागलं की जाड पट्टा घ्या. ही पायरी लोक गाळतात आणि मग फरक पडत नाही म्हणतात.

दुसरा व्यायाम दिसायला इतका किरकोळ आहे की तो व्यायामच वाटत नाही. मानेच्या पुढच्या बाजूला, मणक्यांना चिकटून, खोलवर काही स्नायू असतात. मान दुखणाऱ्यांमध्ये हे स्नायू मंद पडतात आणि त्यांचं काम वरवरचे मोठे स्नायू ओढूनताणून करतात. उताणे झोपा, डोक्याखाली घडी केलेला टॉवेल ठेवा. डोकं न उचलता, ‘हो’ म्हणताना करतो तशी हनुवटी अगदी थोडी खाली आणा. दहा सेकंद थांबा, सोडा. असं दहा वेळा. एक हात गळ्यावर ठेवून पाहा. कानामागून छातीच्या हाडाकडे जाणाऱ्या दोऱ्या टणक झाल्या तर जोर जास्त लागतोय, हालचाल कमी करा.

टेबल-खुर्चीची मांडणीही महत्त्वाची, पण तिच्याकडून किती अपेक्षा ठेवायची हे ठरवलेलं बरं. नीट मांडणी मानेवरचा रोजचा भार हलका करते. मान बळकट करणं तिच्या हातात नाही. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा जराशी खाली, अंतर हातभर. कोपरांना टेबलाचा किंवा खुर्चीच्या हातांचा आधार, म्हणजे हातांचं वजन खांद्यांना लटकत नाही. फोन कान आणि खांद्यात दाबून बोलणं तेवढं कायमचं सोडा. लॅपटॉपची रचनाच मानेला अडचणीची आहे. पडदा बरोबर उंचीवर आणला तर हात वर जातात, हात बरोबर ठेवले तर मान खाली जाते. त्यावर उपाय एकच, तो उंचावर ठेवून वेगळा कीबोर्ड आणि माउस जोडणं. आणि एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. जवळचा आणि दूरचा नंबर एकाच काचेत असेल तर स्क्रीन वाचायला माणूस नकळत हनुवटी वर करतो. अशांनी स्क्रीन आणखी खाली घ्यावा किंवा स्क्रीनच्या अंतरासाठी वेगळा चष्मा करून घ्यावा. या सगळ्यानंतरही अर्ध्या तासाने उठायचंच. पाणी प्यायला, खिडकीपर्यंत, कशालाही.

माझी मान पहिल्यांदा धरली तेव्हा एमआरआयच्या अहवालात दोन ठिकाणी चकती फुगल्याचं लिहून आलं. ते वाचून मी इतकी धास्ती घेतली की मागून कोणी हाक मारली तर नुसती मान न वळवता सगळं धड वळवत असे. पुढे 2015 चा एक जपानी अभ्यास वाचनात आला. मानेचा काहीही त्रास नसलेल्या 1,211 लोकांच्या एमआरआयमध्ये 87.6 टक्के जणांच्या चकत्या फुगलेल्या दिसल्या होत्या. विशीतल्या तरुणांतही बहुसंख्यांच्या. हे तेव्हाच कोणी सांगितलं असतं तर माझे काही महिने भीतीत गेले नसते. चकती फुगणं बहुतेकदा केस पिकण्यासारखं असतं. अहवालातला शब्द आणि आपलं दुखणं यांचा मेळ बसतो का, हे तपासूनच ठरतं.

काही लक्षणं मात्र घरी बसून पाहण्यासारखी नाहीत. पडल्यानंतर किंवा अपघातानंतर सुरू झालेलं दुखणं, ताप आणि डोकेदुखीसह ताठरलेली मान, हातातली ताकद जाणं, शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळणं, चालताना तोल जाणं, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, अचानक उठलेल्या तीव्र कळेसोबत बोलणं अडखळणं किंवा एकाच्या दोन वस्तू दिसणं. यातलं काहीही दिसलं तर लगेच डॉक्टर गाठा. छातीत दडपण येऊन कळ मान, जबडा किंवा हातात जात असेल तर ती हृदयाची असू शकते. तिथे एक मिनिटही घालवू नका.

बाकीच्यांनी व्यायाम सुरू केला की पहिले काही दिवस खांदे भरून येतील. दुसऱ्या सकाळपर्यंत ते मावळलं तर तसंच चालू ठेवा. दुखणं दुसऱ्या दिवशीही वाढलेलं असेल, किंवा हातात मुंग्या उतरू लागल्या, तर पट्टा हलका घ्या आणि फिजिओथेरपिस्टला एकदा दाखवा. मानेचा पट्टा बांधून राहणं डॉक्टरांनी सांगितलं असेल तेवढेच दिवस. हक्काचा आधार मिळाला की स्नायू लवकर सुस्तावतात. फरक किती पडला ते पाहायचं असेल तर पहिल्याच दिवशी खुर्चीत सरळ बसून मान दोन्हीकडे वळवा आणि मागची कुठली वस्तू कुठवर दिसते ते लिहून ठेवा. 10 आठवड्यांनी त्याच खुर्चीत बसून पुन्हा बघा.