अस्तर वेगळं, बकरम वेगळं: पर्सला आकार कोण देतं?

घरी पर्स शिवणाऱ्यांची एक तक्रार नेहमी ऐकू येते: "अस्तर चांगलं जाड लावलं, तरी पर्स उभीच राहत नाही." ती राहणारच नाही, कारण पर्स उभी धरणं हे अस्तराचं कामच नव्हे, ते बकरमचं, म्हणजे कापडाला ताठपणा देण्यासाठी मागून चिकटवायच्या कडक थराचं. दोन्ही आत असतात, दोन्ही बाहेरच्या कापडाच्याच मापावरून बेतायची असतात, म्हणून गल्लत होते.

माझीही झाली. हर्मेस या फ्रेंच कंपनीच्या केली नावाच्या प्रसिद्ध चामडी हँडबॅगचा आकार मनात धरून मी पहिली पर्स शिवली आणि आत जाडजूड अस्तर घातलं. रिकामी होती तोवर छान दिसली. पाकीट आणि किल्ल्या टाकल्या तशी पुढची बाजू पुढे सुटली आणि झाकणाखाली आडवी सुरकुती पडली. उसवून पाहिलं तेव्हा उलगडा झाला. अस्तर फक्त वरच्या काठाला शिवलेलं असतं, बाकी सगळं पर्सच्या आत सुटं लोंबत असतं. सुटं कापड कितीही जाड असलं तरी बाहेरच्या कापडाला धरणार कसं? बकरम मात्र कापडाच्या उलट बाजूला इस्त्रीने चिकटतं. दोन्ही मिळून एकच कापड होतं आणि तेच ताठ राहतं.

केलीचंच पाहा. ती दोन पद्धतींनी बनते. सेलिए पद्धतीत शिवण आणि चामड्याच्या कडा बाहेर दिसतात, बॅग काटकोनात ताठ उभी राहते. रिटूर्ने पद्धतीत बॅग उलट बाजूने शिवून मग सुलट करतात, त्यामुळे कडा गोलसर आणि अंग मऊ येतं. आपण घरी कापडाची पर्स जवळजवळ नेहमीच उलटून सुलट करतो, म्हणजे शिवतो रिटूर्नेसारखी आणि समोर फोटो ठेवतो सेलिएचा! हे अंतर भरून काढायचं तर बकरमकडेच वळावं लागतं.

बकरम कापताना शिलाईची मार्जिन त्यातून वगळा. १ सेंटीमीटर मार्जिन असेल तर बकरम चारही बाजूंनी तेवढं लहान. नाहीतर कोपऱ्यात इतके थर जमतात की सुई अडते आणि सुलट केल्यावर कोपरा बोथट दिसतो. खडबडीत किंवा चकाकणारी बाजू गोंदाची. ती कापडाच्या उलट बाजूवर ठेवायची. आता मुख्य गोष्ट: इस्त्री फिरवायची नाही, दाबायची. वर पातळ ओलसर कापड टाकून एका जागी १०-१५ सेकंद दाबा, उचला, पुढच्या जागी ठेवा. फिरवलीत तर बकरम सरकतं आणि फुगे येतात. झाल्यावर सपाट ठेवून पूर्ण गार होऊ द्या. गरम असताना वाकवलं की चिकटलेलं सुटतं. मला विणलेलं बकरम जास्त आवडतं. कागदासारखं जाड बकरम पर्स सुलट करताना चुरगळतं आणि त्या घड्या पुढे जाता जात नाहीत. मॅग्नेटचं बटण लावायचं असेल तिथे मागून बकरमचा आणखी एक चौकोन चिकटवा, नाहीतर उघडझाक करून कापड फाटतं.

अस्तराचं काम निराळं: आतल्या शिवणी झाकायच्या, हात आणि सामान सहज सरकू द्यायचं, आतला खिसा पेलायचा. शनेल या फ्रेंच कंपनीच्या २.५५ या बॅगेचं (फेब्रुवारी १९५५ मधली, म्हणून हे नाव) आतलं अस्तर गडद लालसर असतं; म्हणजे आतला रंग बाहेरच्याशी जुळायलाच हवा असं काही नाही. मी तर फिकटच रंग घेते, काळ्या अस्तरात काळी किल्ली सापडत नाही. कापड पातळ, पण घट्ट विणीचं घ्या. अस्तर बाजूंना दोन-तीन मिलिमीटर जास्त आत शिवा, म्हणजे ते किंचित लहान होऊन आत गोळा होत नाही. तळाच्या शिवणीत १०-१२ सेंटीमीटर जागा उघडी ठेवायला विसरू नका, त्यातूनच पर्स सुलट होते.

२.५५ सारखी तिरक्या चौकटींची शिलाई हवी असेल तर बाहेरचं कापड आणि त्याखाली एक मऊ थर (गादीसारखा पातळ) घालून दोन्ही एकत्र शिवून घ्या, पण मापाने कापा नंतरच, कारण शिलाईने कापड आखडतं. अस्तर या शिलाईत घ्यायचं नाही.

बकरम किती जाड घ्यायचं हे ठरत नसेल तर तळहाताएवढ्या कापडाच्या तुकड्यावर ते चिकटवा, गार झाल्यावर एका कडेने आडवं धरा. लगेच खाली वाकलं तर आणखी एक थर हवा. दुमडल्यावर पांढरट रेघ उमटली तर ते फार जाड आहे. पातळ घेऊन पुन्हा पाहा.