दात जास्त म्हणजे कट सफाईदार? सिमेंट बोर्डाला हे लागू नाही

आपल्याकडे सुतारकामातनं आलेला समज आहे की पात्याला जितके दात जास्त तितका कट सफाईदार, प्लायला ते खरंय पण लोक तोच नियम फायबर सिमेंटच्या पट्ट्यांना (म्हणजे या सिमेंट बोर्डाला) लावतात आणि मग ६० दातांचं पातं दोन-चार पट्ट्यांतच बोथट करून बसतात. अहो ते लाकूड नाहीये, सिमेंट, वाळू आणि सेल्युलोजचे तंतू आहेत, ही वाळूच दातांची कार्बाइडची (कठीण मिश्रधातूची) धार खाऊन टाकते.

यासाठी सव्वासात इंची सर्क्युलर सॉला चक्क ४ दातांचं पीसीडी पातं येतं, टोकाला कृत्रिम हिरा. कमी दात म्हणजे प्रत्येक दात जाड कण उडवतो, ते लगेच खाली पडतात. ग्राइंडर नाहीतर मार्बल कटर लावा, पिठासारखी बारीक धूळ होते, शेजारच्या गाडीच्या काचेवर साय धरल्यासारखी बसते. (आणि "अ‍ॅस्बेस्टॉस नाही ना, मग काय" हेही बंद करा, त्यात वाळूतली सिलिका असते, तिची धूळ श्वासातनं गेली की सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार होतो. अमेरिकेत ओशाची (कामगार सुरक्षेची सरकारी संस्था) हवेतल्या या धुळीची मर्यादा ८ तासांच्या सरासरीला घनमीटरमागे फक्त ५० मायक्रोग्रॅम आहे.)

सॉ वापरलात तर उघड्यावर, व्हॅक्यूम जोडून, आणि तोंडाला रुमाल नको, एन९५ लावा. थोडेच सरळ कट असतील तर मशीनच नको, कार्बाइड टोकाच्या चाकूनं दोन-तीनदा खोल ओरखडा मारायचा आणि वाकवून तोडायचं, कड थोडी खडबडीत येते, कानशीनं घासली की झालं. जास्त काम असेल तर कात्रीसारखं चालणारं इलेक्ट्रिक शिअर घ्या, धूळ जवळपास नसतेच.