महागड्या कार्डाने रेंडरमधले दाणे जात नाहीत

"रेंडरमध्ये दाणे दिसतायत? भारीतलं ग्राफिक्स कार्ड घे." ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर शिकणाऱ्याला हा सल्ला कधी ना कधी मिळतोच. तो चुकीचा आहे. नव्या कार्डावर तेच रेंडर, म्हणजे सीनवरून संगणकाने काढलेलं चित्र, लवकर तयार होतं, एवढंच. सॅम्पल्स (प्रत्येक पिक्सेलसाठी सोडलेले किरण) तेवढेच असतील तर दाणेही तेवढेच.

ब्लेंडरचं रेंडर इंजिन सायकल्स प्रत्येक पिक्सेलसाठी वाटेल त्या दिशांना किरण सोडून सरासरी काढतं. म्हणून दाणे निम्मे करायचे तर सॅम्पल्स चौपट लागतात: २५६ चे १०२४, आणि वेळही जवळपास चौपट. (हा हिशेब दुकानात कुणी सांगत नाही.)

आधी दिवा बघा. माझ्या एका सीनमध्ये काचेच्या कंदिलात इवलासा दिवा होता आणि भिंतभर पांढरे ठिपके. फार थोड्या किरणांना तो दिवा सापडतो. सापडला की तो पिक्सेल भडकतो. कॉस्टिक्स (काचेतून वळून पडणारे उजेडाचे कवडसे) बंद केले, इनडायरेक्ट क्लॅम्प (उसळून येणाऱ्या उजेडावरची कमाल मर्यादा) १० वरून ३ वर आणला, ठिपके गेले. भिंतीवरचा उजेड जरा मंदावला, ते चालवून घेतलं. उरलेली बारीक खरखर डीनॉइझरने पुसली.

कार्ड घ्यायचंच असेल तर व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) बघून घ्या. सीन त्यात मावला नाही तर रेंडर रखडतं, नाहीतर बंदच पडतं.