आधी कुठले, मग कोण: न्यूझीलंडच्या समाजकार्यामागचा माओरी इतिहास

न्यूझीलंडमध्ये सोशल वर्कर व्हायचं तर नोंदणी लागते. 2003च्या कायद्यानुसार नोंदणीआधी एक गोष्ट तपासली जाते: या माणसाला माओरींबरोबर, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांबरोबर, काम करता येतं का? आणि मग, देशातल्या इतर वांशिक-सांस्कृतिक गटांबरोबर? 2021पासून ही नोंदणी सक्तीची आहे. कायद्याने माओरींचं नाव वेगळं आणि आधी घेतलं, ते बऱ्याच भांडणानंतर.

भांडणाचं मूळ ब्रिटिश राजसत्ता आणि माओरी प्रमुख यांच्यातल्या 6 फेब्रुवारी 1840च्या वाइतांगी करारात आहे. इंग्रजी मसुद्यात माओरी प्रमुखांनी सार्वभौमत्व देऊन टाकलं. माओरी मसुद्यात दिला तो फक्त कारभार. जमिनी, गावं आणि मोलाच्या साऱ्या गोष्टींवरची ‘तिनो रांगातिरातांगा’, म्हणजे पूर्ण हुकमत, त्यांच्याकडेच राहिली. सरकार पहिल्या कागदावर चाललं. 1907मध्ये तर ‘तोहुंगा’ म्हणजे पारंपरिक जाणकारांच्या उपचारांवर कायद्याने बंदी आली, ती 1962पर्यंत टिकली.

मुलांच्या बाबतीत घाव जास्त खोल गेला. माओरींत ‘फांगाई’ची रीत आहे: मूल आजी-आजोबांकडे किंवा नात्यातल्या कुणाकडे वाढतं, आणि त्याचे आईबाप कोण हे त्यालाही ठाऊक असतं, गावालाही. आजोळी वाढलेल्या मराठी माणसाला हे समजावून सांगायला नको. 1955च्या दत्तक कायद्याने अशा रीतीला कायदेशीर अर्थ नाही असं ठरवलं आणि त्याऐवजी जन्मदात्यांची नावं झाकून टाकणारं दत्तक आणलं. त्याच काळात माओरी गावं सोडून शहरांत येत होते. 1945मध्ये जेमतेम चौथा हिस्सा शहरात होता. 1980च्या दशकात पाचातले चार. गोतावळा मागे राहिला, आणि घरात काही बिनसलं की दार ठोठावायला सरकारी अधिकारी येऊ लागला. बालगृहांत माओरी मुलं लोकसंख्येच्या मानाने कितीतरी जास्त दिसू लागली.

समाजकल्याण खात्यावर टीका वाढली, तेव्हा माओरी नेते जॉन रांगिहाउ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ही समिती मराएंवर, म्हणजे माओरींच्या सभास्थानांवर, जाऊन लोकांचं ऐकत फिरली. 1986च्या ‘पुआओ-ते-आता-तू’ या अहवालाच्या नावाचा अर्थ पहाट फुटणे. आतला मजकूर मात्र झोंबणारा होता. दोष एखाद्या उद्धट कारकुनाचा नाही, खात्याच्या रचनेतच वंशभेद मुरलेला आहे, असं तो सरळ म्हणतो. सरकारी अहवालात इतकं स्पष्ट क्वचितच लिहिलेलं असतं.

त्यातून 1989चा बालक व कुटुंब कायदा आला, आणि त्याबरोबर कुटुंब-बैठक. मूल कुठे राहणार हे ठरवायला आई-वडील, आज्या, मामे, काका सगळे जमतात, बऱ्याचदा सुरुवात प्रार्थनेने होते. सोशल वर्कर माहिती मांडतो. आणि मग तो खोलीबाहेर जातो. पोलीस असले तर तेही. आत फक्त ‘फानाऊ’ म्हणजे घरची माणसं उरतात आणि आपसात बोलून काय करायचं ते ठरवतात. मला या सगळ्या इतिहासात हे दार बंद होणं सर्वांत महत्त्वाचं वाटतं. अभिवादनाचे चार माओरी शब्द पाठ करणं त्यापुढे सोपं आहे.

अर्थात, ठरलेलं मान्य करायचं की नाही आणि पैसा कुठे द्यायचा, हे बरंचसं सरकारच्याच हातात राहिलं. 2019मध्ये हॉक्स बे इथे रुग्णालयातून माओरी नवजात बाळ ताब्यात घेण्याचा प्रयत्न झाला, तो चित्रित झाला आणि देशभर संताप उसळला. त्याच वर्षी बालकल्याण खात्यावर वाइतांगी कराराशी बांधील राहण्याची जबाबदारी टाकणारं ‘कलम 7एए’ लागू झालं. 2025मध्ये संसदेने ते रद्दही केलं.

इतर समाजांची वाट याच वाटेला येऊन मिळाली. 1995मध्ये ऑकलंडमध्ये सुरू झालेली ‘शक्ती’ ही संस्था आशियाई, आफ्रिकी आणि मध्यपूर्वेतल्या स्थलांतरित स्त्रियांसाठी काम करते, कारण हुंड्याचा किंवा व्हिसाचा धाक काय असतो हे नेहमीच्या आश्रयगृहांना उमगत नव्हतं.

मुंबई-पुण्यात एमएसडब्ल्यू करून तिकडे गेलेल्यांनाही नोंदणीसाठी याच कसोटीतून जावं लागतं. ओळख करून देण्याची माओरी रीत त्यांना फार परकी वाटू नये: आधी आपला डोंगर, मग नदी, मग पूर्वज ज्या होडीतून आले ती होडी, मग कूळ आणि अगदी शेवटी स्वतःचं नाव.