विद्यापीठ परिसर भेट (सोलापूर)

विद्यापीठ परिसर भेट : प्रवेश घेण्याआधी विद्यार्थ्याने आईवडिलांना किंवा घरातल्या जाणत्या माणसाला सोबत घेऊन शिक्षणसंस्थेचे आवार, विभाग, ग्रंथालय आणि वसतिगृह प्रत्यक्ष पाहून येण्याची रीत. सोलापुरात तिला ‘कॉलेज बघून येणे’ किंवा नुसते ‘चौकशी करून येणे’ म्हणतात. नॅकच्या (महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेच्या) समितीची भेट आणि विद्यापीठाच्या स्थानिक चौकशी समितीची भेट या प्रशासकीय बाबी असल्याने त्या येथे घेतलेल्या नाहीत. प्रवेश झाल्यावर नवागतांसाठी होणारा ‘दीक्षारंभ’ही वेगळा.

शब्दविचार : इंग्रजी ‘कॅम्पस’ हा मूळचा लॅटिन शब्द, अर्थ मोकळे मैदान, शेत. विद्यापीठाच्या जागेसाठी तो अमेरिकेतील प्रिन्स्टन येथे प्रथम वापरला गेला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. तेथील कॉलेजचे अध्यक्ष जॉन विदरस्पून यांनी तो रूढ केला असावा, असे परंपरा सांगते. लिखित आधार मात्र एका विद्यार्थ्याच्या जानेवारी १७७४ मधील पत्राचा आहे. कॉलेजच्या कोठीतला चहा बाहेर काढून तो ‘कॅम्पस’मध्ये जाळल्याचे त्याने त्यात कळवले आहे. पत्रात शब्दाचा खुलासा केलेला नाही, म्हणजे तो तेव्हा तेथे तोंडात बसलेला असणार. त्यामुळे श्रेय एकट्या विदरस्पून यांना देण्यापेक्षा शब्द विद्यार्थ्यांच्या बोलण्यात घडला असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. हार्वर्डमध्ये याच अर्थी ‘यार्ड’ हा शब्द रुळला होता. त्यात कुंपणाची कल्पना आहे आणि मराठी ‘आवार’ त्याच्याच जवळचा.

मराठीत आवार, प्रांगण, परिसर आणि संकुल असे चार पर्याय चालतात. त्यांतील ‘संकुल’ सोलापुरात घोटाळा करतो. येथील विद्यापीठात संकुल म्हणजे संपूर्ण जागा नव्हे, तर संबंधित विषयांच्या विभागांचा गट : सामाजिकशास्त्रे संकुल, भाषा व वाङ्मय संकुल, रसायनशास्त्र संकुल अशा पाट्या तेथे दिसतात. ‘संकुलात या’ असा निरोप मिळालेला पालक मुख्य दारापाशीच उभा राहतो आणि त्याची वाट पाहणारा मात्र आत दुसऱ्याच इमारतीत बसलेला असतो. (संस्कृतात संकुल म्हणजे दाटीने भरलेले, विद्यापीठ ज्या केगावला आहे तेथल्या माळावर हा अर्थ शोधू नये.)

पूर्वेतिहास : या रीतीचा धागा नालंदेच्या द्वारपंडितांपर्यंत नेण्याचा मोह होतो. परंतु ते प्रवेशेच्छूची परीक्षा घेत. त्याला जागा दाखवत नसत. सोलापूरपुरता अधिक जवळचा दाखला साळोटगीचा. भीमेपलीकडे, आजच्या विजयपूर जिल्ह्यातील इंडी तालुक्यात हे गाव आहे. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या काळात त्याचा मंत्री नारायण याने तेथे शाळा बांधल्याचे शक ८६७ (इ. स. ९४५) मधील स्तंभलेख सांगतो. गावाचे तेव्हाचे नाव पावित्तगे. ‘साळोटगी’ हे रूप ‘शाला’वरून आले असावे. निरनिराळ्या जनपदांतून आलेल्या विद्यार्थ्यांसाठी २७ घरे दिल्याची आणि दिवाबत्तीसाठी वेगळी जमीन तोडून दिल्याची नोंद त्यात आहे. लग्न, मुंज आणि जावळ यांच्या प्रसंगी गावकऱ्यांनी शाळेला ठरलेली रक्कम द्यावी, असेही त्यात म्हटले आहे. पालकांनी पाहणी केल्याचा उल्लेख लेखात नाही, म्हणून त्याला परिसर भेटीचा पुरावा मानता येत नाही. मात्र राहण्याची सोय आणि उजेड या दोन बाबी दात्याने आवर्जून कोरून ठेवल्या आहेत. वसतिगृह पाहायला आलेली आई आजही तेवढेच पाहते.

आधुनिक काळात अडचण निराळी होती : भेट द्यायला परिसरच नव्हता. १८५४ च्या वुडच्या खलित्यानुसार (इंग्रजी राजवटीच्या शिक्षणविषयक धोरणपत्रानुसार) स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ (१८५७) लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर परीक्षा घेणारे आणि पदव्या देणारे होते. शिकवणे हे संलग्न महाविद्यालयांचे काम. सोलापूरचा विद्यार्थी पुण्याला किंवा सांगलीला जाई आणि त्याचा ‘परिसर’ म्हणजे ते महाविद्यालय असे. १९४० मध्ये दयानंद महाविद्यालय आणि १९५३ मध्ये संगमेश्वर महाविद्यालय सुरू झाल्यावर गावातच बघून येण्यासारखे काही झाले. विद्यापीठ मात्र आधी मुंबईला, १९४९ पासून पुण्याला आणि १९६२ पासून कोल्हापूरला राहिले. शिवाजी विद्यापीठाचे पदव्युत्तर केंद्र केगावला होते. त्याच जागी १ ऑगस्ट २००४ रोजी एका जिल्ह्यापुरते सोलापूर विद्यापीठ सुरू झाले. इरेश स्वामी हे पहिले कुलगुरू. २०१९ मध्ये विद्यापीठाला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव देण्यात आले.

स्थान व स्वरूप : पुणे रस्त्यावर, शहराबाहेर केगाव येथे विद्यापीठाची सुमारे ४८२ एकर जागा आहे. पोलीस प्रशिक्षण केंद्र आणि राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र याच बाजूला आहेत. रिक्षावाल्याला नुसते ‘केगाव’ सांगितले तर तो ‘केगावात कुठं?’ असे विचारतो ते त्यामुळेच.

बारावी झालेल्या मुलाला घेऊन केगावला गेलेल्या पालकांची निराशा ठरलेली असते, कारण परिसरातील शिक्षण मुख्यतः पदव्युत्तर आहे. बी. ए., बी. कॉम., बी. एस्सी. शिकायचे ते संलग्न महाविद्यालयात. विद्यापीठ अभ्यासक्रम ठरवते, परीक्षा घेते, पदवी देते. परिसर भेटीची परदेशी कल्पना एकाच जागी राहून शिकण्याच्या विद्यापीठावर उभी आहे. ती संलग्नतेच्या व्यवस्थेला जशीच्या तशी लावली की जागा बघायची एक आणि शिकायची दुसरीच, असे होते. शहरातल्या जुन्या पिढीच्या लेखी तर ‘विद्यापीठात जाणे’ म्हणजे गुणपत्रकातली चूक दुरुस्त करायला किंवा पदवी प्रमाणपत्र आणायला जाणे. अभियांत्रिकीचे प्रवेश राज्याच्या सामाईक परीक्षेवर आणि केंद्रीय फेऱ्यांवर होतात. तेथे भेट असते ती पर्यायांचा क्रम भरण्याआधी एखादे महाविद्यालय नजरेखालून घालण्यापुरती.

भेटीची रीत : हंगाम बारावीच्या निकालापासून जुलैअखेरपर्यंत. सोलापूरचा मे महिना ४० अंशांच्या वर जातो, म्हणून लोक सकाळी लवकर निघतात. कार्यालये उघडेपर्यंत झाडाखाली बसतात. वडिलांच्या हातात प्लॅस्टिकची फाइल असते : गुणपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रिमीलेअर, उत्पन्नाचा दाखला, प्रत्येकाच्या तीन-तीन झेरॉक्स. विद्यार्थी विभाग, प्रयोगशाळा, ‘प्लेसमेंट’ विचारतो. वडील फी, हप्ते आणि महाडीबीटी या शासनाच्या संकेतस्थळावरची शिष्यवृत्ती विचारतात. ८ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ करण्याचा शासन निर्णय जुलै २०२४ मध्ये झाला. तेव्हापासून चौकशीच्या खिडकीवरचा पहिला प्रश्न बदलला आहे. ‘कमवा आणि शिका’ योजनेबद्दल मात्र वडील मुलाला जरा बाजूला पाठवून विचारतात.

मुलींच्या वसतिगृहात वडिलांना दारापर्यंतच जाता येते. आत आई जाते. ती खोलीची कडी लावून पाहते, खिडकी उघडते आणि मोरीतला नळ सोडते. नळाला पाणी असले तरी तिचा प्रश्न ठरलेला : ‘हितं पाणी कितव्या दिवशी येतंय?’ उजनी धरण जिल्ह्यात असूनही शहरात नळाला काही-काही दिवसांआड पाणी येते, हे ध्यानात घेतले तर तो प्रश्न सोलापूरकराला विचित्र वाटत नाही. बाहेर थांबलेले वडील तोवर रखवालदाराकडून शेवटच्या बसची वेळ काढून घेतात.

बसचा मुद्दा मुलींच्या बाबतीत निर्णायक ठरतो. ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास देणारी योजना अहिल्याबाई होळकरांच्याच नावाची आहे. पदवीला आले की सवलतीचा मासिक पास काढावा लागतो. त्यात महिन्याच्या प्रवासासाठी दहा दिवसांचे भाडे भरायचे असते. मोहोळ, बार्शी, अक्कलकोटकडून येणारी कुटुंबे जाऊन-येऊन करायचे की वसतिगृह घ्यायचे, हा हिशेब परिसरातच बसून करतात.

भाषा हा सोलापूरचा विशेष. शहराच्या पूर्व भागातील तेलुगुभाषक पद्मशाली घरांतून आलेल्या आईला काउंटरवरचे मराठी कळते. पण नवऱ्याशी विचारविनिमय तेलुगूत चालतो. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडच्यांचा कन्नडमध्ये. अर्जातला मजकूर मुलगीच दोघांना समजावून सांगते. विडी वळणाऱ्या आणि यंत्रमागावर काम करणाऱ्या घरांतून महाविद्यालयात जाणारी ही पुष्कळदा पहिली पिढी असते, त्यामुळे दाखवणारा आणि पाहणारा यांच्या भूमिका येथे उलट होतात. परिसर पालकांना दाखवण्याचे काम मुलांकडे येते, मग त्यांनी तो स्वतः आदल्या दिवशी फोनवर पाहिलेला का असेना.

उलटी भेट : जागा रिकाम्या राहू लागल्यापासून खासगी महाविद्यालयांचे प्राध्यापक माहितीपत्रके घेऊन तालुक्यांत आणि गावांत पालकांच्या घरी जातात. परिसर भेटीचीच ही उलटी बाजू. त्यांना चहा होतो, पोहे होतात. होकार सहसा त्या दिवशी मिळत नाही.

नियम : माहितीपुस्तक विकत घेण्याची सक्ती करता येत नाही आणि पडताळणी झाल्यावर मूळ गुणपत्रके व प्रमाणपत्रे संस्थेने अडकवून ठेवता येत नाहीत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेत स्पष्ट केले आहे. प्रवेश रद्द केल्यास फी किती परत मिळेल, याचे टप्पेही तिच्यात दिलेले आहेत. रॅगिंगविरुद्ध महाराष्ट्राचा कायदा १९९९ चा आणि आयोगाचे विनियम २००९ चे आहेत. रॅगिंगविरोधी समितीचे दूरध्वनी क्रमांक असलेला फलक दर्शनी भागात लावलेला असतो. पालक त्याचा फोटो काढून घेतात.