क्लॅरनेटच्या चाव्या नक्की कुणाच्या हाताच्या मापाच्या?

कोल्हापुरात वरातीला किंवा मिरवणुकीला बँड आला की जुन्या वादकांचा क्लॅरनेट एकदा जवळून बघा. बऱ्याच वाद्यांवर काही ना काही केलेलं असतं, कुठं करंगळीच्या चावीला (म्हणजे बोटाने दाबून भोक उघडझाप करायच्या धातूच्या पट्टीला) पत्र्याचा तुकडा झाळलेला, कुठं अंगठ्याच्या टेकूला सायकलच्या ट्यूबचं रबर चढवलेलं, कुठं एखादी चावी मुद्दाम थोडी आत वाकवून घेतलेली. आणि शिकायला आलेल्या पोरांना मात्र हमखास सांगितलं जातं की कंपनीच्या चाव्यांना हात लावायचा नाही, बोटं वळतील हळूहळू. मला हे अजिबात पटत नाही, कारण या वाद्याचा सगळा इतिहासच चाव्या हलवण्याचा आहे.

सुरुवात जर्मनीतल्या न्यूरेंबर्गला झाली. योहान क्रिस्टोफ डेन्नर या वाद्य बनवणाऱ्याने १७०० च्या आसपास श्यालुमो नावाच्या जुन्या रीडच्या वाद्यावर काम करून क्लॅरनेट तयार केला, त्याला चाव्या होत्या फक्त दोन. बाकी सगळी भोकं, बोटं पोहोचतील तिथंच पाडलेली, सूर थोडा इकडंतिकडं झाला तर वाजवणारा फुंकेने सांभाळून घ्यायचा. त्या काळात कुठला हात वर आणि कुठला खाली हेसुद्धा पक्कं नव्हतं. ओबो या त्याच घराण्यातल्या फुंकवाद्याची सगळ्यात खालची चावी दोन फाट्यांची असायची आणि तिच्या वरची छोटी चावी दोन्ही बाजूंना एकेक बसवलेली असायची, डावखुऱ्यालाही चालावं म्हणून. म्हणजे चावी हाताप्रमाणे ठेवायची ही कल्पना या वाद्यांच्या घराण्यात पहिल्यापासूनच होती.

मोझार्टच्या काळापर्यंत पाच चाव्या झाल्या. १७९१ साली त्याने क्लॅरनेट कॉन्चेर्टो (क्लॅरनेट आणि वाद्यवृंदाची रचना) लिहिला तो वादक अँटोन श्टाडलरसाठी, आणि श्टाडलरचं वाद्य नेहमीच्यापेक्षा लांब, खाली जास्तीचे सूर देणाऱ्या जादा चाव्या लावलेलं होतं. एका वादकाला हवं तसं वाद्य कारागिराने करून दिलं, त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

पुढं ईवान म्यूलर हा वादक आला. १८१२ मध्ये त्याने १३ चाव्यांचा क्लॅरनेट पॅरिसच्या कॉन्झर्व्हेटरीपुढं, म्हणजे तिथल्या संगीत विद्यालयापुढं ठेवला, चामड्यात मऊ भरण घालून केलेले, भोक झाकणारे पॅड त्याने वापरले होते, आधीच्या सपाट चामड्यातून हवा गळायची ती यात थांबली. परीक्षकांनी नापास केला! त्यांचं म्हणणं, एकाच वाद्यावर सगळ्या पट्ट्या वाजायला लागल्या तर वेगवेगळ्या मापाच्या क्लॅरनेटचा वेगवेगळा रंग जाईल. तरी वादकांनी तो उचललाच, कारण बोटांची कसरत कमी होत होती.

मला स्वतःला सगळ्यात जवळचा वाटतो तो सेझार यान्सेन, ज्याचं नाव फारसं कुणी घेत नाही. करंगळीला शेजारच्या चावीवर घसरत जायला लागायचं, तिथं ती अडकायची, तर त्याने १८२३ मध्ये चावीच्या कडेला फिरणारे छोटे रोलर बसवले. सूर वाढवला नाही, आवाज मोठा केला नाही, फक्त बोटाचा त्रास वाचवला. सॅक्सोफोनवर करंगळीखाली असे रोलर आजही असतात, कुणाकडं असेल तर फिरवून बघा.

मोठी उलथापालथ झाली ती बासरीमुळं. म्युनिकच्या थेओबाल्ड ब्योमने १८३२ मध्ये कड्यांच्या चाव्यांची (भोकाभोवती कडं असलेल्या) बासरी केली, त्यातून मार्ग असा निघाला की भोक सुराला जिथं पाहिजे तिथं पाडायचं आणि बोट तिथवर पोहोचत नसेल तर मधलं काम दांडीने आणि कड्याने करायचं. तोच विचार घेऊन पॅरिसमध्ये वादक इयासिंत क्लोझे आणि कारागीर लुई ओग्युस्त ब्युफे या दोघांनी क्लॅरनेट नव्याने बांधला, १८३९ ला प्रदर्शनात ठेवला आणि १८४४ ला पेटंट घेतलं. १७ चाव्या, ६ कडी. यातली हुशारी करंगळ्यांमध्ये आहे, खालच्या बऱ्याच सुरांची चावी दोन्ही करंगळ्यांना दिली, म्हणजे घसरायची वेळच येऊ नये. फक्त ए फ्लॅट/ई फ्लॅटची चावी उजवीकडं एकटीच राहिली, आणि पुढं वादकांच्या मागणीवरून डाव्या करंगळीला तिची जोडचावी लावायला लागली, आता कित्येक महागड्या मॉडेलवर ती कारखान्यातूनच येते.

तिकडं ब्रसेल्सच्या युजीन आल्बेरने म्यूलरच्या वळणाचा साधा क्लॅरनेट चालू ठेवला आणि जर्मनीत ओस्कार ओलरने त्याच वळणावर आणखी चाव्या चढवल्या. पण कारखान्यात साचे आले तशी चाव्यांची अंतरं ठरून गेली. आज ज्याला आपण कंपनीचं माप म्हणतो ते साच्याचं माप आहे, कुठल्याही एका माणसाच्या हाताचं नव्हे.

आपल्याकडं क्लॅरनेट आला इंग्रजांच्या लष्करी बँडबरोबर. नंतर लग्नाच्या बँडने तो उचलला, मेरठच्या जाली कोठी भागात बँडची वाद्यं बनायला लागली आणि आल्बेर पद्धतीचा साधा क्लॅरनेट गावोगाव पोहोचला. त्यावर कडी कमी, भोकं उघडी, त्यामुळं बोट हळूच सरकवून मींड काढायला तो सोपा पडतो, तुर्कस्तान आणि ग्रीसमधले वादकही याच कारणाने त्याला धरून आहेत. पण हाताला मात्र तो अवघडच, खालची भोकं लांब आणि करंगळीच्या चाव्या दूर.

आणि परदेशी वाद्य आपल्या अंगाला बसवून घेणं आपल्याला काही नवीन नाही. पायाने भाता मारायचा हार्मोनियम कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५ मध्ये हाताने भाता मारायचा केला, म्हणून तर तो मांडी घालून वाजवता येतो. व्हायोलिन आपले लोक बसून, त्याचं टोक पायावर टेकवून वाजवतात. मग क्लॅरनेटच्या चावीने काय घोडं मारलंय?

कोल्हापुरात तर या कामाला लागणारं सगळं हाताशी आहे. चांगल्या क्लॅरनेटच्या चाव्या जर्मन सिल्व्हरच्या, म्हणजे तांबं, निकेल आणि जस्त, आणि त्या जोडायच्या चांदीच्या डाखाने. गुजरीत किंवा हुपरीत पैंजण करणाऱ्या कारागिराचा हात या कामाला रोजचा सरावलेला असतो. मी एकदा करंगळीची चावी ६ मिलिमीटर वाढवून घेतली ते काम समोर बसून बघितलं. आधी पॅड काढला, कारण तो लाखेवर बसवलेला, उष्णता लागली की सुटतो नाहीतर जळतो, मग सुईसारखी स्प्रिंग काढली, तापली तर तिचा ताव जातो आणि चावी ढिली पडते. जोडावर टाकणखार लावला, बारीक ज्योत दिली, डाख एकदम चकाकून पळाला की लगेच ज्योत बाजूला. नंतर कानस आणि पॉलिश. चावी लांब झाली की दाबायला हलकी लागते पण बोटाला खाली जास्त जावं लागतं, म्हणून चावीखालचा कॉर्क थोडा जाड करून उघडझाप पुन्हा जमवावी लागली. कॉर्क फार जाड केला तर चावी पुरती उघडत नाही आणि सूर दबलेला येतो, हे सोनाराला माहीत असायचं कारण नाही, ते वादकानेच शेजारी बसून सांगायचं.

एक गोष्ट मात्र आधी तपासा. स्वस्त वाद्यांवर जस्ताच्या ओतीव चाव्या असतात, त्या वाकवायला गेलं की कट्दिशी तुटतात आणि त्यावर नीट डाखही बसत नाही. तिथं वाकवाकवी नकोच, वरून कॉर्क किंवा रबर चिकटवून उंची वाढवा, तेही पुष्कळ काम करतं.

सगळ्यात दुर्लक्षित राहिलाय तो उजवा अंगठा. बी फ्लॅट क्लॅरनेटचं वजन ८०० ग्रॅमच्या आसपास आणि ते जवळजवळ सगळं एका अंगठ्यावर, मिरवणुकीत तर तासन्‌तास. नेदरलँड्सच्या टोन कोयमन यांनी भार अंगठ्याच्या सांध्याकडं सरकवणारा टेकू काढला, तो महाग आहे, पण सरकता टेकू साधाही मिळतो आणि गळ्यातला पट्टा तर अगदी स्वस्तात होतो. पोरगं लहान असेल तर चाव्यांच्या आधी हा टेकू थोडा वर घेऊन बघा, कित्येकदा अंगठा वर गेला की करंगळी आपोआप चावीवर पोहोचते आणि काही झाळायची गरजच राहत नाही. सरकता टेकू असेल तर एका स्क्रूचं काम आहे, नसेल तर जुनी भोकं लाकडात तशीच ठेवून टेकूखाली उभी पट्टी बसवून घ्या, उद्या वाद्य दुसऱ्याच्या हातात गेलं तर पुन्हा खाली आणता येतो.