युरोपियन युनियनचा 'एरर रेट' म्हणजे नक्की काय, आणि तो आला कुठून

दर वर्षी ऑक्टोबरच्या आसपास युरोपियन युनियनचा खर्च तपासणाऱ्या युरोपियन कोर्ट ऑफ ऑडिटर्सचा रिपोर्ट येतो आणि लगेच बातम्या सुरू होतात की युरोपचे इतके टक्के पैसे खाल्ले गेले. २०२३ च्या खर्चाला हा आकडा ५.६ टक्के होता, २०२४ ला ३.६. पण हा आकडा खाल्लेल्या पैशाचा नाहीच, नियमाप्रमाणे न दिल्या गेलेल्या पैशाचा अंदाज आहे, आणि हे समजून न घेता त्यावर बोललं की सगळी चर्चाच चुकीच्या वाटेला जाते.

मुळात ही संस्था उभी राहिली ती एका साध्या प्रश्नातून. १९७० नंतर युरोपियन समुदायाला, म्हणजे आजच्या युनियनच्या आधीच्या रूपाला, कस्टम ड्युटीसारखं स्वतःचं उत्पन्न मिळायला लागलं, मग हे पैसे कोणत्या देशाच्या संसदेने तपासायचे? तेव्हाचं ऑडिट बोर्ड अगदीच तुटपुंजं होतं. युरोपियन संसदेतले जर्मन खासदार हाइनरिष आयग्नर यांनी स्वतंत्र ऑडिट संस्थेचा विषय लावून धरला, जुलै १९७५ मध्ये करार झाला आणि ऑक्टोबर १९७७ मध्ये लक्झेंबर्गमध्ये काम सुरू झालं. नावात कोर्ट असलं तरी शिक्षा करायचा अधिकार नाही, आपल्या कॅगसारखंच, तपासायचं आणि सांगायचं.

खरा बदल युरोपियन युनियन उभी करणाऱ्या मास्ट्रिख्ट करारानंतर. १९९४ च्या खर्चापासून दर वर्षी लेखी मत द्यायचं बंधन आलं की हिशोब बरोबर आहेत का आणि पैसे नियमाने दिले गेले का. त्यासाठी सॅम्पल काढतात आणि थेट शेवटच्या माणसापर्यंत जातात, म्हणजे शेतकरी, नगरपालिका, युनिव्हर्सिटीची लॅब. शेताचं क्षेत्र जास्त दाखवलं, टेंडर न काढता काम दिलं, रिसर्चरचे तास टाइमशीटशिवाय लावले, हे सगळं एरर. फसवणुकीचा संशय असलेली प्रकरणं वेगळी काढून तपास यंत्रणांकडे पाठवतात, आणि ती वर्षाला डझन-दोन डझनच्या आसपासच असतात. एरर २ टक्क्यांच्या आत असला तर चालतो, ही मर्यादा. हिशोबाच्या पुस्तकांना २००७ पासून क्लीन शेरा मिळतोय, पण एकूण खर्च नियमाने झाला असा क्लीन शेरा इतक्या वर्षांत एकदाही नाही.

मधे १९९९ घडलं. पाउल फान बाउटेनेन या कमिशनच्याच, म्हणजे युनियनचा कारभार चालवणाऱ्या यंत्रणेच्याच, ऑडिटरने १९९८ च्या शेवटी आतली माहिती युरोपियन संसदेला दिली, स्वतंत्र तज्ज्ञांचा रिपोर्ट आला आणि मार्च १९९९ मध्ये अध्यक्ष सांतेर यांच्यासह अख्ख्या कमिशनने राजीनामा दिला. त्याच वर्षी ओलाफ ही फसवणूकविरोधी यंत्रणा आली.

पण एरर कमी झाले ते फक्त धाक वाढवून नाही. बजेटचा मोठा हिस्सा सदस्य देशच वाटतात, नियम ब्रसेल्सचे आणि त्यावर प्रत्येक देशाचे आणखी आपापले, मग चुका होणारच. शेती अनुदानात १९९२ पासून प्रत्येक प्लॉटची नोंद आणि सॅटेलाइट फोटोवरून पडताळणी आली, तिथे चांगला फरक पडला. रिसर्चमध्ये सातव्या फ्रेमवर्क प्रोग्रॅमपर्यंत (होरायझन २०२० च्या आधीची युनियनची रिसर्च निधी योजना) लाइटबिल, भाडं, ऑफिस स्टाफ असे ओव्हरहेड मोजायच्या चार-चार पद्धती होत्या आणि छोट्या कंपन्या त्यातच अडकायच्या, म्हणून होरायझन २०२० मध्ये सरळ २५ टक्के फ्लॅट रेट केला आणि आता होरायझन युरोपमध्ये बऱ्याच प्रोजेक्टला लम्पसम, काम पूर्ण केलं की ठरलेली रक्कम. माझ्या मते हीच योग्य दिशा, कारण जो नियम प्रामाणिक माणसालाही पाळता येत नाही तो नियमच आधी दुरुस्त करायला हवा. २०१७ ला आकडा २.४ पर्यंत खाली आला होता.

मग परत का वाढला? मुख्य कारण कोहेजन फंड, मागास भागांसाठीचा. २०१४-२० चे पैसे संपवायची घाई, त्यात कोविडनंतरचा नवा निधी, आणि तपासणारी माणसं तीच. २०२३ ला कोहेजनचा एरर एकटाच ९.३ टक्के होता.

आणि एक गोष्ट मला खरंच काळजीची वाटते. २०२१ च्या कोविड रिकव्हरी फंडात पैसे प्रत्यक्ष खर्चावर नाही तर ठरलेले टप्पे गाठले की मिळतात, त्यामुळे त्याला हा एरर रेटच लागू होत नाही, ऑडिटर वेगळं मत देतात. २०२८ पासूनच्या बजेटसाठी कमिशनने जुलै २०२५ मध्ये जो प्रस्ताव मांडला त्यात देशांना द्यायच्या पैशाचा मोठा भाग अशाच टप्प्यांवर आहे. लम्पसम छोट्या प्रोजेक्टला ठीक, पण अख्ख्या देशाला टप्प्यावर पैसे द्यायचे असतील तर कोणाच्या हातात किती गेले हे ऑडिटरला शेवटपर्यंत जाऊन बघता आलंच पाहिजे, आणि ते आत्ता, नियम लिहिले जात असतानाच ठरायला हवं.